आप्पा नाही म्हणाले

"नाही," आप्पा म्हणाले.

आवाज चढवला नाही, खुर्चीतून उठले नाहीत. नागनाथ बिऱ्हाडे आयुष्यात इतक्या कमी वेळा नाही म्हणाले होते, की रूपालीला आधी वाटलं त्यांना प्रश्नच नीट ऐकू आला नसावा. सुरतेत बमरोलीच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये उभा जन्म मशीनच्या घरघराटात गेला, उजवा कान तसाही कामातून गेलेलाच होता.

सुशांतनं वाकून त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "आप्पा, डॉक्टर काय सांगताहेत ते समजलं ना?"

"समजलं रे. मी काय लहान आहे? शीला आता उठणार नाही, असं म्हणतात. आणि तिच्या किडन्या, लिव्हर, डोळे दुसऱ्यांना द्यायचे का, ते विचारतात." आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नाही द्यायचे."

खोली छोटीच होती. टेबलापलीकडे डॉक्टर होते आणि त्यांच्या शेजारी हेतलबेन. अवयवदानासाठी घरच्यांशी बोलण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि आज बोलायला बसल्यापासून त्यांचेच डोळे सारखे भरून येत होते. कारण हे काम त्यांना रूपाली-सुशांतच्या आईनंच शिकवलं होतं. सिव्हिल हॉस्पिटलमधून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर आई याच दवाखान्यात यायची. याच खोलीत, टेबलाच्या त्या बाजूला बसून दुसऱ्यांच्या नवऱ्यांना, आईबापांना हाच प्रश्न विचारायची. किती घरांनी तिच्या शब्दाखातर होय म्हटलं होतं! आणि तिच्याच नवऱ्यानं नाही म्हटलं.

काल सकाळी ती लिंबायतच्या बुद्धविहारात उभी होती. रविवारची वंदना होती. पांढरी साडी, सरळ पाठ, समोर वस्तीतली माणसं. त्रिशरणातलं 'दुतियम्पि' म्हणून ती थांबली. लोकांना वाटलं, खोकला आला असेल. मग तिनं हात कपाळाशी नेला आणि पंचशीला सिस्टर, जिनं अर्ध्या लिंबायतच्या पोरांना पहिली आंघोळ घातली, ती सतरंजीवर कोसळली. गणपतीचे मांडव रस्त्यात आडवे आलेले, तरी पोरांनी बांबू उचलून अँब्युलन्सला वाट करून दिली. मेंदूत रक्तस्राव. आज दुपारपर्यंत दुसरी तपासणीही झाली होती. मेंदू मेलेला आहे, श्वास मशीन देतं आहे, मशीन काढलं की सगळं थांबेल. डॉक्टरांनी हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावलं होतं, आणि रूपालीला ते एकदाही समजलं नव्हतं. ती महापालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत होती, तरीही. आईच्या छातीवर हात ठेवला तर छाती खालीवर होत होती, ऊबदार होती. मेलेलं माणूस असं असतं का?

"काका," हेतलबेन म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तरी कोणी काही बोलणार नाही. काही जबरदस्ती नाही. तमे शांतीथी बेसो, शांत बसा. पाणी घ्या."

आप्पांनी पाणी घेतलं नाही. उठून बाहेर गेले आणि आयसीयूच्या दाराजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

सुशांत मागोमाग निघाला तसं रूपालीनं त्याला दंडाला धरून थांबवलं. "राहू दे त्यांना थोडा वेळ."

"ताई, वेळ कुठंय? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? शरीर फार टिकत नाही असं." सुशांतचे कपडे कालचेच होते. इच्छापोरच्या कारखान्यातून तो सेफ्टी बूट न बदलता आला होता, ते अजून पायात होते. "आईनं हजार वेळा सांगितलंय, माझं काही झालं तर देऊन टाका म्हणून. जेवताना सांगायची! भाजी वाढता वाढता सांगायची!"

"आप्पांनीही ऐकलंय ते."

"मग?"

"मग काय? ऐकणं वेगळं."

"म्हणजे तू पण नाही म्हणतेस?"

रूपालीनं त्याचा दंड सोडला. होय म्हणावं असं तिच्या आत कुणीतरी सांगत होतं, पण ते आईच्याच आवाजात सांगत होतं, आणि म्हणूनच तिला ते ऐकायचं नव्हतं. आयुष्यभर त्या आवाजापुढं घरातल्या कुणाचं चाललं नव्हतं. प्लेगच्या साली सगळं सुरत पळत होतं. आप्पांनी मिळेल त्या ट्रकमध्ये पोरांना घातलं आणि खानदेशात गावी नेलं. रूपाली तेव्हा पहिली-दुसरीत असेल. आई ट्रकपासून लांब उभी होती, तोंडाला रुमाल बांधून. जवळ आली नाही. "मी वॉर्डात जाऊन आलेय, लांबच राहा," एवढं म्हणाली आणि ड्युटीवर गेली. गावी रूपाली रोज रडायची, तेव्हा रंभाबाई आजीनं तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, "रडू नको पोरी. तुनी माय काय तुनी एकलीनी शे का?"

आई काही तुझ्या एकटीची नाही, हे आजीला कौतुकानं म्हणायचं होतं. रूपालीला ते शापासारखं लागलं. पुढं तापीच्या पुरात आई विहाराच्या गच्चीवर बाळंतिणी सांभाळत राहिली आणि घरात गळ्याइतकं पाणी शिरलं तेव्हा आप्पा एकटे होते. कोरोनात तर निवृत्त होऊनही पुन्हा वॉर्डात गेली. गल्लीत थाळ्या वाजल्या, हार घातले गेले, आणि आप्पा महिनोन्महिने कुकरला भात लावून एकटे जेवले. आई वाईट होती असं नाही. रात्री कितीही उशिरा आली तरी दोघा पोरांच्या अंगावरची चादर नीट करून मगच झोपायची. पण चादर नीट करणारा तो हात दवाखान्यातल्या फिनाइलचा वास घेऊन यायचा, आणि रूपालीला कायम वाटायचं, की आपण तिच्या शेवटच्या वॉर्डातले पेशंट आहोत.

"मी चहा घेऊन येते," ती म्हणाली आणि जिना उतरली.

खालच्या आवारात गर्दी होती. विहारातल्या बायका पांढऱ्या साड्यांत ओळीनं बसल्या होत्या, रिक्षावाले आपापल्या रिक्षा रस्त्यावर लावून आले होते. काही गुजराती चेहरे होते, त्यांना रूपाली ओळखत नव्हती. मधोमध रघुनाथकाका उभे होते. आप्पांचे धाकटे भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले, विहार समितीचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर एक तरुण मोबाईल उभा धरून शूटिंग करत होता.

"...आमच्या वहिनीसाहेबांनी जाता जाताही समाजाला दान दिलं आहे!" काका बोलत होते. "बिऱ्हाडे कुटुंबानं निर्णय घेतला आहे. पंचशीलाताई मेल्या नाहीत. त्या कुणाच्या डोळ्यांत, कुणाच्या शरीरात जिवंत राहणार आहेत..."

कुणीतरी 'जय भीम' म्हणून ओरडलं. पाठोपाठ सगळ्यांनी. एका म्हातारीनं रूपालीला पाहिलं आणि धावत येऊन तिचे पाय धरायला वाकली. "धन्य आहात गं बाई तुम्ही. धन्य तुमचं घर."

रूपालीनं पाय मागे घेतले. तिनं म्हातारीला उभं केलं आणि गर्दीतून वाट काढत काकांपाशी गेली.

"काका, काय बोलताय हे?"

"अगं, बरं झालं आलीस. दोन शब्द तू पण—"

"कोणी निर्णय घेतलाय? आप्पा नाही म्हणालेत."

मोबाईल धरलेल्या तरुणानं हात खाली केला. काकांचा चेहरा उतरला, पण लगेच त्यांनी तिला बाजूला ओढून आवाज खाली आणला. "नाही म्हणालेत म्हणजे? भाऊ नाही कसा म्हणेल? सगळ्यांना माहिती आहे वहिनींची इच्छा. आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील? ज्या बाईनं एवढ्या घरांना समजावलं, तिच्याच घरी..."

"म्हणू देत."

"रूपाली, भाऊ दुःखात आहे. त्याला धरून होय म्हणायला लावायचं, ते तुम्हा पोरांचं काम आहे."

"धरून?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "माझ्या बापाला धरून?"

ती चहा न घेताच वर आली. तोवर तो व्हिडिओ सुशांतच्या मोबाईलवर पोचलाही होता. कारखान्यातल्या कुणीतरी पाठवला होता, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. सुशांत भिंतीशी उभा राहून तो पुन्हा पुन्हा बघत होता.

"काकांनी आधीच वाटून टाकलं आईला," तो म्हणाला. "ताई, मघाशी मी आप्पांशी भांडणार होतो. पण आता मीपण नाही म्हणतो. नाहीच द्यायचं. समितीच्या बोर्डावर नाव लागावं म्हणून माझी आई कापायची?"

"सुशांत, हळू."

"का हळू? काकांना ऐकू जाऊ देत!"

काका जिन्यात येऊन उभेच होते. धाप लागलेली, कपाळावर घाम. "अरे, मी नावासाठी करतोय का?" ते म्हणाले. "मला शाळेत तिनं घातलं. मी गावी ढोरं चारत होतो. लग्न होऊन आली, पहिल्या पगारात मला सुरतेला आणलं. ती वहिनी नव्हती माझी, आई होती. तिचं नाव मोठं व्हावं म्हणून मी नाही बोलणार तर कोण बोलणार?"

"तिचं नाव मोठंच होतं, रघुनाथ."

आप्पा बोलले होते. तिघंही वळले. ते अजून भिंतीलाच टेकून होते, पण आता त्यांनी मान वर केली होती.

"एवढं मोठं होतं, की घरात मावत नव्हतं," आप्पा म्हणाले. "मी कधी बोललो का? कधी अडवली का तिला? प्लेगात गेली, मी पोरं घेऊन गावी गेलो. पुरात गेली, मी भांडी माळ्यावर चढवली. लोक म्हणायचे, नागनाथ, तुझी बायको देवी आहे. मी म्हणायचो, हो. देवीच्या नवऱ्याला कोणी विचारत नाही, तो जेवला का. पण माझी तक्रार नव्हती. मी तिला सगळ्यांना वाटली रे. आयुष्यभर वाटली. आता उरली तेवढी तरी माझी राहू द्या की."

कॉरिडॉरमधून एक वॉर्डबॉय रिकामं स्ट्रेचर ढकलत गेला. काका खाली बघत होते.

"तुम्हाला एक सांगतो," आप्पा पुढं म्हणाले. "ती सोडणार होती."

"काय सोडणार होती?" रूपालीनं विचारलं.

"सगळं. हा दवाखाना, विहारातले वर्ग, समिती. वर्षावासाचे तीन महिने संपले की बंद, म्हणाली. थकले म्हणाली."

रूपालीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. थकले हा शब्द आईच्या तोंडून तिनं कधीच ऐकला नव्हता. "आई? आई थकले म्हणाली?"

"मलाच म्हणाली. पाय चेपत होतो तिचे, तेव्हा. म्हणाली, तुम्ही कधी काही मागितलं नाही, एक तरी मागा. मी म्हटलं, दोघंच कुठंतरी जाऊ. तर म्हणाली, बोधगयेला जाऊ. समितीची बस नको, बायका नकोत, पोरं नकोत. दोघंच. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठंच गेलो नाही. अश्विन पौर्णिमा झाली की निघायचं ठरलं होतं." आप्पांनी हातातली टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "सांगू नका म्हणाली कोणाला. लोक नाराज होतील म्हणाली."

काकांनी चष्मा काढला आणि तो हातात तसाच धरून राहिले.

इतकी वर्षं रूपाली एका बाईवर रुसून होती. ती बाई कधी थकत नाही, तिला घर आठवत नाही, तिला नवऱ्याबरोबर कुठं जावंसं वाटत नाही, असं धरून चालली होती. ती बाई खरी नव्हतीच. खरी जी होती, ती वर्षावास संपायची वाट बघत होती, आणि हे फक्त आप्पांना माहीत होतं.

ती आप्पांच्या जवळ गेली, डाव्या बाजूला. "आप्पा, तुम्ही नाही म्हणा. मी तुमच्याबरोबर आहे. कोणी काहीही म्हणू दे. लोकांना मी तोंड देईन."

आप्पा भिंतीपासून बाजूला झाले. मग म्हणाले, "चल आत. एकदा बघून येऊ तिला."

नर्सनं दोघांना गाऊन आणि चपलांवर घालायच्या पिशव्या दिल्या. आईच्या तोंडात नळी होती, ती चिकटपट्टीनं गालावर बसवली होती. केस सुटून उशीवर पसरले होते. एवढे केस आहेत आईला, हे रूपालीला कधी दिसलंच नव्हतं. कायम घट्ट अंबाडा, वर नर्सची टोपी, आणि नंतर टोपी गेली तरी अंबाडा तोच. आप्पांनी ते केस गोळा केले, हातानंच विंचरल्यासारखे सरळ केले आणि एका खांद्यावरून पुढं घेऊन ठेवले.

मग ते वाकले. "शीला."

मशीन एका लयीत श्वास देत होतं.

"शीला, मी आहे."

रूपाली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला वाटलं बाहेर जावं, हे आपल्यासमोरचं बोलणं नाही. पण ती थांबली.

"शीला!" आप्पांनी जरा मोठ्यानं हाक मारली. त्यांना स्वतःला कमी ऐकू येई, म्हणून त्यांची हाक नेहमीच मोठी असे. पलीकडच्या नर्सनं मान वळवून पाहिलं, पण काही म्हणाली नाही. आप्पांनी आईच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच हलवलं. एकदा. पुन्हा एकदा. आणि तिसऱ्यांदा हलवताना त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. रूपालीनं तो उतरताना पाहिला. काल सकाळपासून डॉक्टरांनी, हेतलबेननी, सुशांतनं जे सांगून त्यांच्या आत गेलं नव्हतं, ते तेव्हा आत गेलं.

"पोरी," ते म्हणाले, "ही नाहीये गं."

"आप्पा..."

"तिची झोप कशी होती माहितीय तुला? दोन-दोन पाळ्या करून यायची, मेल्यासारखी पडायची. पण मी नुसतं शीला म्हटलं, की डोळे उघडायची. एकदाही असं झालं नाही, की मी हाक मारली आणि ती उठली नाही. तापात असली तरी. रुसलेली असली तरी." त्यांनी खांद्यावरचा हात उचलला नाही. "मला वाटत होतं, हे लोक तिला माझ्याकडून नेताहेत. ती कालच गेली. तिथंच गेली, विहारात. मी उगीच अडवून धरलंय."

रूपालीला हुंदका आवरेना. ती पलंगाची कड धरून रडली, काल सकाळपासून पहिल्यांदा. आप्पा तिला थोपटत उभे राहिले. डोळे त्यांचे कोरडेच होते.

बाहेर आल्यावर ते थेट हेतलबेनच्या खोलीत गेले. मागोमाग तिघंही. डॉक्टर उठून उभे राहिले.

"कुठं सही करायची?" आप्पा म्हणाले.

"भाऊ, माझ्यामुळं करू नको," काका घाईनं म्हणाले. "मी खाली जाऊन सांगतो सगळ्यांना, माझी चूक झाली म्हणून. खरंच सांगतो. तुझं नाही तर नाही."

"तुझ्यामुळं नाही रे बाबा." आप्पांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "पण खाली जाऊन एवढं सांग. भाषण नको, घोषणा नको, मोबाईल नको. ज्याला यायचं त्यानं यावं आणि गप उभं राहावं."

सुशांत दारात उभा होता. "आप्पा, मघाशी मीच म्हणालो, नाही द्यायचं. आता काय म्हणू?"

"काही म्हणू नको. माझ्याजवळ उभा राहा."

तो आला. आप्पांनी त्याचा आधार घेऊन खुर्चीत बसत हेतलबेनकडे पाहिलं. "बेन, हृदयपण काढणार का?"

हेतलबेननी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "नाही, काका. त्यांचं वय बघता हृदय घेता येणार नाही. ते तसंच राहील."

आप्पांनी मान हलवली. "राहू दे," म्हणाले. "बरं झालं."

संध्याकाळ व्हायच्या आत तिला ऑपरेशन थिएटरकडे नेलं. कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना नर्सेस येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाळी संपलेल्या, पाळीवर आलेल्या, काही सिव्हिलमधून आलेल्या, जुन्या, पांढऱ्या केसांच्या. एकीनंही शब्द काढला नाही. विहारातली माणसं जिन्यापर्यंत ओळीनं हात जोडून उभी होती, आणि सगळ्यांत पुढं रघुनाथकाका, ओठ घट्ट मिटून. स्ट्रेचरची चाकं फरशीवरून जाताना तेवढी वाजत होती. आप्पा एका बाजूनं चालत होते, सुशांत दुसऱ्या बाजूनं, त्याच्या बुटांचा आवाज तो दाबू बघत होता. रूपाली डोक्यापाशी. दारापाशी थांबायचं होतं. आप्पा थांबले. दार उघडलं, स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं.

"आप्पा, चला," सुशांत म्हणाला. "वेळ लागेल. घरी थोडं पडा. झालं की ते कळवणार आहेत, मी येतो ना घ्यायला."

"तुम्ही जा. घरी माणसं आली असतील, त्यांना बघा." आप्पा समोरच्या बाकाकडे वळले. "मी बसतो."

"किती वेळ बसाल?"

"ती बाहेर येईपर्यंत." आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "नवीन नोकरीला लागली होती ना सिव्हिलमध्ये, तेव्हा सेकंड शिफ्ट करून सुटायची. मी सायकल घेऊन फाटकाशी बसायचो. कधी लवकर सुटली नाही बाई. कुणाचं सलाईन संपायचं असायचं, कुणाचं बाळ यायचं असायचं. बाकीच्या सिस्टर निघून जायच्या, वॉचमन म्हणायचा, भाई, तमे जाव, ए नहीं आवे. पण यायची. उशिरा का होईना, यायची."

ते बाकावर बसले. गुडघ्यांवर हात, नजर त्या मिटलेल्या दाराकडे. रूपाली त्यांच्या डाव्या बाजूला बसली. थोड्या वेळानं सुशांत आला, त्यानं बूट काढून भिंतीशी ठेवले आणि दोघांच्या पायांशी फरशीवर बसला. घरी कुणीच गेलं नाही.